थंडीत रोज धावायचं असेल तर आदल्या रात्रीपासून सुरुवात करा

दिवाळीच्या पाडव्याला नवे कोरे बूट घालून नाशिकच्या गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर आलेली मंडळी मी दरवर्षी बघते. नोव्हेंबरभर तिथे वाट काढत धावावं लागतं. डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडतो, निफाडचा पारा पेपरच्या पहिल्या पानावर यायला लागतो आणि ट्रॅक मोकळा होतो. संक्रांतीला हीच मंडळी हळदीकुंकवात भेटतात आणि म्हणतात, "अगं, सकाळी उठवतच नाही."

मीही दोन हिवाळे अशीच गळाले. तिसऱ्या वर्षी एका वहीत रोजची नोंद ठेवायला लागले, किती धावले आणि आदल्या रात्री किती वाजता दिवा बंद केला एवढीच. महिनाभराने पानं उलटून पाहिली. नऊ खाडे होते, त्यातल्या आठ खाड्यांच्या आदल्या रात्री मी साडेअकराच्या पुढे मोबाइल चाळत पडले होते. थंडी त्या नऊही दिवशी होती आणि ज्या दिवशी धावले त्या दिवशीही होती.

म्हणून या लेखात धावण्याइतकंच वाचनाबद्दलही लिहिलंय. रात्री हातात मोबाइलऐवजी पुस्तक असणं ही माझ्यासाठी सकाळच्या धावण्यातली पहिली पायरी ठरली. क्रम महत्त्वाचा आहे, त्यामुळे पायऱ्या उलटसुलट करू नका.

न थांबता तीनेक किलोमीटर सावकाश धावता येणाऱ्यांसाठी हे लिहिलंय. अगदी शून्यापासून सुरू करत असाल तर आधी सहा-आठ आठवडे चालणं आणि मधूनमधून मिनिट-दोन मिनिटं धावणं करा, मग इकडे या.

पायरी १ : 'रोज' म्हणजे किती, ते आधी लिहून काढा

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. "रोज पाच किलोमीटर" असं ठरवतात, एका दिवशी वेळ नसतो, मग "आज अर्धवट कशाला" म्हणून सगळंच सोडतात.

दोन आकडे ठरवा. एक नेहमीचा, एक किमान. माझा नेहमीचा आकडा पाच किलोमीटर आहे आणि किमान आकडा पंधरा मिनिटं. किमान आकडा इतका छोटा हवा की तो नाकारायला लाज वाटली पाहिजे. पाहुणे आलेत, गॅस संपलाय, मुलाची परीक्षा आहे, तरी पंधरा मिनिटं निघतात. त्या दिवशी सोसायटीला चार फेऱ्या मारल्या तरी नेम टिकला.

आठवड्याची मांडणी साधारण अशी ठेवा: चार दिवस नेहमीचं सावकाश धावणं, दोन दिवस फक्त किमान, एक दिवस (बहुतेकांचा रविवार) थोडं लांब. रोज धावणाऱ्याला ते दोन किमान दिवस विश्रांतीच्या जागी असतात, त्यांना हात लावू नका. "आज अंगात दम आहे" म्हणून किमान दिवशी सात किलोमीटर धावलात तर गुरुवारी पोटरी हिशेब मागते.

> सावध : वय चाळिशीच्या पुढे असेल, रक्तदाब, साखर, दमा किंवा हृदयाचा काही त्रास असेल, तर थंडी वाढायच्या आत डॉक्टरांना विचारून घ्या. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, त्यात पहाटे झोपेतून उठून एकदम जोर लावणं हृदयाला जड जातं. दमा असलेल्यांना कोरड्या गार हवेत छाती आवळल्यासारखी होऊ शकते. धावण्याआधी इनहेलर घ्यायचा का, हे डॉक्टरच सांगतील. साखरेची औषधं चालू असतील तर उपाशीपोटी धावण्याबद्दलही विचारा.

पायरी २ : सामान ऑक्टोबरातच जमवा

थंडी पडल्यावर खरेदीला निघालं की आठवडा जातो, आणि त्या आठवड्यात सवय मोडते. लागतं फार थोडं:

- घाम सुकवणारे पातळ, पूर्ण बाह्यांचे दोन टी-शर्ट. दोनच का? कारण डिसेंबरात सावलीतल्या बाल्कनीत कपडे एका दिवसात वाळत नाहीत. ओलसर टी-शर्ट अंगात घालायची वेळ आली की माणूस परत पांघरुणात शिरतो.
- वाऱ्याला अडवणारं पातळ विंडचीटर.
- कान झाकणारी पट्टी किंवा पातळ कानटोपी आणि साधे हातमोजे.
- अंधारात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट आणि डोक्याला बांधायचा दिवा.
- गजराचं घड्याळ. मोबाइलमधला गजर नको, खरं घड्याळ. कारण पुढे येतंय.
- रात्री वाचायला काहीतरी. तेही पुढे येतंय.

बूट जुने असतील तर तळ बघा. पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर तळाची उसळी जाते, आणि गारठ्यात फोम आणखी कडक होतो. मागच्या हिवाळ्यात नुसत्या बुटांमुळे नडगी दुखलेल्या दोघीजणी माझ्याच गटात होत्या.

जाड सुती स्वेटशर्ट मात्र घेऊ नका. तो मी घेतला होता. तिसऱ्या किलोमीटरला घामाने ओला, पाचव्याला पाठीवर बर्फाची लादी. तशीच टपरीवर चहा घेत गप्पा मारत अर्धा तास उभी राहिले आणि पुढचे दहा दिवस खोकले. सासूबाईंनी त्या स्वेटशर्टची फरशी पुसायची फडकी केली. ती अजून चांगली टिकून आहेत.

पायरी ३ : रात्र. इथे घाई करू नका

हा भाग मी मुद्दाम लांबवणार आहे, कारण सगळा हिवाळा इथेच जातो किंवा राहतो.

सकाळी साडेसहाला घराबाहेर पडायचं असेल तर साडेपाच-पावणेसहाला उठायला हवं. सात तास झोप धरली तर साडेदहाला डोळे मिटलेले हवेत. आता मागे मागे या.

*जेवण आठपर्यंत.* बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, लसणाची चटणी, सगळं खा. पण साडेनऊला जेवून पावणेअकराला आडवं झालं की सकाळी पोट जड आणि पहिल्याच किलोमीटरला आंबट ढेकर.

*साडेनऊला सकाळचे कपडे काढून ठेवा.* घालायच्या क्रमानेच खुर्चीवर ठेवा. सगळ्यात वर मोजे, कारण गार फरशीवर पाय टेकायचा क्षण वाईट असतो. डोक्याचा दिवा चार्ज झालाय का ते बघा. बूट दाराबाहेरच्या रॅकमध्ये नकोत, घरात ठेवा. रात्रभर बाहेर राहिलेल्या बुटात पाय घालणं हे पहाटेचं सगळ्यात मोठं पाप आहे.

*पावणेदहाला मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला.* झोपायच्या खोलीत नाही. गजराचं घड्याळ यासाठीच. मोबाइल उशाशी असला की रात्री "फक्त उद्याचं तापमान बघते" म्हणून उचलला जातो आणि अर्ध्या तासाने तुम्ही कुणाच्या तरी लग्नाचे फोटो बघत असता. सकाळीही तेच, गजर बंद करायला हात जातो आणि पाच मिनिटं व्हॉट्सअॅप. घड्याळ पलंगापासून तीन पावलं लांब ठेवा, म्हणजे ते बंद करायला उठावंच लागतं.

*पावणेदहा ते सव्वादहा वाचन.* आता प्रश्न येतो, वाचायचं काय?

आपल्याकडे हिवाळ्याच्या तोंडावर आयता खजिना येतो, दिवाळी अंक. कथा, ललित, व्यक्तिचित्रं, प्रवास, एकेक लेख पंधरा-वीस मिनिटांचा. झोपण्याआधीच्या अर्ध्या तासाला इतकं नेमकं माप दुसरं सापडणार नाही. शहरातल्या बऱ्याच वाचनालयांत दिवाळीनंतर अंकांसाठी वेगळी वर्गणी असते, ती भरली की फेब्रुवारीपर्यंत अंक बदलत राहता येतात. टिळक पथावरचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे, तिथे किंवा घराजवळच्या कुठल्याही वाचनालयात चौकशी करा. मी शनिवारी दुपारी अंक बदलते, तेही वहीत लिहून ठेवलंय, नाहीतर राहून जातं.

अंक घरी आला की पेन्सिल घेऊन अनुक्रमणिकेवर खुणा करा. लहान लेख सोमवार ते शुक्रवार, दीर्घकथा शनिवार रात्रीसाठी. राशिभविष्य आणि जाहिराती केव्हाही.

वाचताना होणाऱ्या तीन चुका:

पहिली, रात्री रहस्यकथा. "एवढं प्रकरण संपवते" करत पाऊण वाजतो. खुनाचा छडा रविवारी दुपारी लावा.

दुसरी, प्रकरण संपवूनच पुस्तक मिटायचा हट्ट. उलट करा. गोष्ट रंगात आली असताना, परिच्छेदाच्या मध्येच खूण घालून ठेवा. दुसऱ्या रात्री पुस्तक आपणच हाक मारतं, मोबाइलची आठवण होत नाही. सध्या माझ्या उशाशी एका अंकातली साठ पानी दीर्घकथा आहे. नायिकेने घराचं दार उघडलंय आणि बाहेर कोण आहे ते मला ठाऊक नाही. चार दिवस झाले, मी रोज बारा पानांवर थांबते.

तिसरी, पडल्या पडल्या मोबाइलवर वाचणं. ते वाचन चांगलं असेल, पण वरून खाली सरकणारे मेसेज लेखकाचं ऐकत नाहीत.

> तपासा : रात्री साडेदहाला चार गोष्टी झाल्या का? कपडे खुर्चीवर, बूट घरात, मोबाइल स्वयंपाकघरात, पुस्तकात खूण. चारपैकी तीन झाल्या तरी सकाळ बहुधा निघते. एकच झाली असेल तर उद्या किमान दिवस धरा, उगाच स्वतःला शब्द देऊ नका.

पायरी ४ : उठल्यापासून दारापर्यंत

उठलं की लगेच बाहेर पडू नका, आणि परत बसूही नका. वीस-पंचवीस मिनिटं पुरतात.

१. तोंड धुवा, अर्धा ग्लास कोमट पाणी प्या. थंडीत तहान लागत नाही म्हणून लोक पाणी पीत नाहीत. श्वासातून आणि घामातून पाणी जातच असतं, घाम चटकन वाळतो म्हणून कळत नाही.

२. पाच किलोमीटरपर्यंत धावायचं असेल तर खाल्लं नाही तरी चालतं. भूक असेल तर दोन खजूर किंवा अर्धं केळं. डिंकाचा लाडू आल्यावर.

३. ओठ, गाल, मांड्यांच्या आतली बाजू यांना पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल लावा. आपल्याकडची थंडी कोरडी, कातडी तडकते आणि तडकलेल्या जागी घाम झोंबतो. खोबरेल मात्र रात्रीत गोठलेलं असणार, बाटली गरम पाण्यात धरावी लागते. त्यात वेळ जातो म्हणून मी जेलीवर आले.

४. अंग घरातच गरम करा. लोक हीच पायरी गाळतात. घोटे फिरवा, भिंत धरून पाय मागे-पुढे झुलवा, दहा-बारा बैठका काढा, जागच्या जागी गुडघे उचला, खांदे फिरवा. पाच-सात मिनिटं. अंगाला थोडी ऊब आली की दार उघडा. थंड अंगाने पायाचा अंगठा धरून वाकून राहणं, ताण देत थांबणं आत्ता नको. असले ताण धावून झाल्यावर द्यायचे.

पायरी ५ : अंगावर काय घालायचं

एक साधा आडाखा आहे. बाहेरच्या तापमानात आठ-दहा अंश मिळवा आणि तेवढ्या तापमानात फिरायला जाताना जे घालाल ते घाला. धावायला लागल्यावर दहा मिनिटांत अंग तेवढं तापतं.

म्हणजे दाराबाहेर पाऊल टाकल्यावर थोडी हुडहुडी भरलीच पाहिजे. दारातच छान ऊबदार वाटत असेल तर एक कपडा जास्त झालाय.

पारा पंधराच्या आसपास असेल तर अर्ध्या बाह्या आणि हाफ पँट पुरते. दहा-बाराला पूर्ण बाह्यांचा पातळ टी-शर्ट. आठच्या खाली गेला की त्यावर विंडचीटर, कानपट्टी, हातमोजे. विंडचीटर दोन किलोमीटरनंतर काढून कमरेला बांधायचं असतं, आणि ते बांधायला थांबलात तरी कुणी हसत नाही. हात आणि कान झाकले की बाकीच्या अंगाला कमी कपडे लागतात, हे एकदा करून बघा.

मफलर तोंडावर गुंडाळून धावणारे पुष्कळ दिसतात. श्वासाने तो ओला होतो आणि मग गार पडतो. नाकाने श्वास घ्या. नाकातून जाताना हवा थोडी कोमट आणि ओलसर होते. नाकाने श्वास पुरत नसेल तर वेग जास्त आहे, कमी करा.

पायरी ६ : वेळ आणि वाट

पहाटे पाचला धावलं की शिस्त, असं एक खूळ आहे. नाशकात नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य साडेसहाच्या पुढे उगवतो, जानेवारीच्या मध्याला सातनंतर दहा मिनिटांनी. पावणेसातच्या आधी तेव्हा रस्त्यावरचा खड्डा दिसत नाही. ऑफिस दहाचं असेल तर पाचला निघण्यात काय मिळतं, हे मला अजून कळलेलं नाही.

पहाटेच्या हवेचंही तसंच. थंडीत जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार थराखाली अडकते आणि धूर, धूळ सगळं खालीच बसून राहतं. त्यात चौकाचौकांत शेकोट्या, कुठे कचरा जाळलेला, आणि कडाका वाढला की द्राक्षबागांतून पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर. दिंडोरी किंवा निफाडच्या बाजूला राहत असाल तर तो ओळखीचा असेल. शेतकऱ्याला घड वाचवायचे असतात, त्याला दोष नाही, आपण वाट आणि वेळ बदलायची. ऊन वर आलं की हवा हलते. मोबाइलवर हवेचा निर्देशांक बघा (आता मोबाइल हातात घ्यायला हरकत नाही). तो दोनशेच्या वर असेल तर किमान दिवस धरा किंवा संध्याकाळवर ढकला. संध्याकाळी ऊन कलायच्या आत निघा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो.

वाटेबद्दल माझी मतं ठाम आहेत.

अंधारात ट्रॅक बरा. गोल्फ क्लब, कृषीनगर, इंदिरानगर, जे जवळ असेल ते. पायाखाली काय आहे ते माहीत असतं, चार माणसं असतात. बाईमाणसाने पहिल्या उजेडाआधी एकटीने गोदाकाठची किंवा पाटाकडेची सुनसान वाट धरू नये, असं मी माझ्या भाचीला सांगते, तेच इथे सांगते. दोघी-तिघी मिळून जा, आणि कुठल्या वाटेने जातोय ते घरी सांगून जा.

उजाडल्यावर गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत जाऊन येणं हा थंडीतला सगळ्यात सुंदर फेरा. रविवारचं लांब धावणं तिकडे ठेवा. समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेने धावा. सिंहस्थाच्या कामांसाठी कुठे ना कुठे रस्ता उकरलेला असतो, काल सपाट असलेली कड आज खोदलेली असू शकते. मला ते नाक फुटल्यावर कळलं. धुकं होतं, दिवा घरी विसरले होते, नवा गतिरोधक, त्यावर पट्टे मारलेले नव्हते. हातमोजे होते म्हणून तळवे वाचले.

पांडवलेणीच्या पायऱ्या चढून व्यायाम करणाऱ्यांनी दव वाळेपर्यंत थांबावं. चढताना काही होत नाही, उतरताना घसरतं.

> सावध, कुत्री : भटक्या कुत्र्यांना पिल्लं होतात ती बहुतेक याच दिवसांत. पिल्लांजवळून धावत गेलात तर एरवी शेपूट हलवणारी कुत्रीही अंगावर येते. लांबून दिसली की चालायला लागा, डोळ्याला डोळा भिडवू नका, वळसा घ्या. चावलीच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. "किरकोळ ओरखडा आहे" म्हणून घरी बसू नका.

> सावध, मांजा : जानेवारी लागला की नायलॉन मांजा. बंदी असूनही तो मिळतो, झाडांतून, खांबांवरून रस्त्यावर लोंबतो आणि उगवतीच्या उन्हात अजिबात दिसत नाही. संक्रांतीच्या आधी आणि नंतर आठ-दहा दिवस मोकळ्या रस्त्याऐवजी ट्रॅक धरा, गळ्याला कापडी पट्टी घाला, आणि पतंग उडत असतील तिथे संध्याकाळचं धावणं बंद.

कानात इअरफोन घालायचेच असतील तर एकाच कानात, तेही उजाडल्यावर. त्याऐवजी माझी एक युक्ती बघा. पहिल्या किलोमीटरला, जेव्हा सगळ्यात जास्त परत फिरावंसं वाटतं, तेव्हा मी रात्री वाचलेली गोष्ट स्वतःला पुन्हा सांगते. कोण आलं, काय म्हणालं, मी असते तर काय केलं असतं. गोष्ट अर्धी सोडलेली असते, त्यामुळे पुढचं मन आपणच रचायला लागतं. ट्रॅकच्या दोन फेऱ्या कधी झाल्या कळत नाही.

पायरी ७ : प्रत्यक्ष धावणं

पहिली दहा मिनिटं लाज वाटेल इतकी सावकाश. चालणारे आजोबा पुढे गेले तरी जाऊ द्या.

थंडीत घड्याळ फसवतं. गार हवेत अंग लवकर तापत नाही, दम कमी लागतो, म्हणून कष्ट न वाढवता वेग वाढतो. हृदय खूश असतं, पण पोटऱ्या आणि टाचेमागची शीर अजून आखडलेलीच असते. नोव्हेंबरात "माझा वेग सुधारला" म्हणणारे डिसेंबरात नडगी चोळताना दिसतात ते यामुळे. बोलून बघा. एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं तर वेग बरोबर आहे. "आज-काय-भाजी" असं तुटक येत असेल तर कमी करा.

आठवड्याचं एकूण अंतर मागच्या आठवड्याच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका. वेगाचे प्रयोग आठवड्यातून एकदाच, अंग नीट तापल्यावर, आणि दुसऱ्या दिवशी किमान.

छातीत दुखलं, जबडा किंवा डावा हात भरून आला, चक्कर आली, तर तिथेच थांबायचं आणि सोबतच्याला सांगायचं. एकदम गार घाम फुटला तरीही तेच. गॅसेस असतील म्हणून घरी जायचं नाही, थेट दवाखाना.

पायरी ८ : थांबल्यानंतरची दहा मिनिटं

आजारी पडतात ते बहुधा इथे. धावणं थांबलं की अंग झपाट्याने गार होतं आणि कपडे ओले असतात.

शेवटची पाच मिनिटं चाला. घर जवळ असेल तर थेट घरी, लांब असेल तर गाडीच्या डिकीत कोरडा टी-शर्ट ठेवा आणि आधी तो बदला, मग चहा. दुचाकीवरून ओल्या अंगाने वारा खात घरी जाणं म्हणजे सर्दीला आमंत्रण पत्रिका. रविवारी मिसळीला जाणारे गट असतात, आमचाही आहे. नियम एकच, कोरडे कपडे घातल्याशिवाय तर्रीला हात लावायचा नाही.

घरात आल्यावर पोटरी, मांडीची पुढची-मागची बाजू, कंबर यांना प्रत्येकी अर्धा मिनिट ताण द्या, मग आंघोळ. पाणी गरम हवं, कढत नको. कढत पाण्याने कातडी आणखी कोरडी पडते. नऊच्या आत काहीतरी खा. आता डिंकाचा लाडू. एक.

मग वहीत दोन ओळी. डावीकडे किती धावलात, उजवीकडे रात्री काय वाचलं आणि दिवा कधी बंद केला. माझ्या वहीतलं एक पान असं आहे: "१५ मि., सोसायटी, धुकं. / प्रवासलेख, ९ पानं, १०.२०." बस.

> तपासा : दुपारी लघवीचा रंग गडद पिवळा असेल तर पाणी कमी पडतंय. गुडघा, टाच किंवा नडगी एकाच जागी सलग तीन दिवस दुखत असेल, किंवा दुखण्यामुळे चाल बदलत असेल, तर धावणं बंद, चालणं चालू.

पायरी ९ : सर्दी, ताप आणि खाडे

रोजचा नेम करणाऱ्यांची खरी खोड ही, की ताप असतानाही धावायला जातात. नेम मोडू नये म्हणून.

मानेच्या वरचा त्रास, म्हणजे नाक गळणं, शिंका, घसा थोडा खवखवणं, असेल तर किमान दिवस, तोही हळू. मानेच्या खालचा, म्हणजे ताप, छातीत कफ, अंगदुखी, पोट बिघडणं, असेल तर धावणं नाही. ताप उतरल्यावर दोन दिवस फक्त चाला, मग दोन दिवस किमान, मग नेहमीचं. आजारात धावण्याचा रकाना रिकामा ठेवा, वाचनाचा भरा. पुस्तक तापातही वाचता येतं, आणि वही हातात राहिली की चार दिवसांनी बूट शोधावे लागत नाहीत.

आळसाने एक खाडा पडला तर भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट धावू नका. फक्त सलग दुसरा खाडा पडू देऊ नका.

पायरी १० : ठरलेले अडथळे आधीच वहीत लिहा

तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई. मग नाताळची सुट्टी, एकतीस डिसेंबर, संक्रांत. हे काही अचानक येत नाहीत. महिन्याच्या सुरुवातीला दिनदर्शिका घेऊन बसा आणि ज्या रात्री उशीर होणार हे माहीत आहे, त्यांच्या दुसऱ्या दिवशी आत्ताच "किमान, सकाळी नऊला" असं लिहा. थंडीत नऊलाही ऊन सोसवतं. लग्नाला परगावी जाताना बूट आणि अंक एकाच पिशवीत. कार्यालयातल्या गादीवर, डोक्यावर ट्यूबलाइट असताना, चार पानं वाचता येतात. मी वाचलीत, शेजारी सात बायका गप्पा मारत होत्या.

फेब्रुवारीच्या मध्यापासून दुपार तापायला लागते, पहाट मात्र गारच असते. तेव्हा विंडचीटर धुऊन ठेवा, कानपट्टी मार्चपर्यंत बाहेर राहू द्या, आणि निघायची वेळ दर आठवड्याला पाच मिनिटांनी अलीकडे आणा. अंकांची वर्गणी संपत आलेली असते. शेवटच्या शनिवारी अंक परत करताना त्याच खेपेत उन्हाळ्यासाठी एखादं जाडजूड पुस्तक घेऊन या, नाहीतर रविवारी रात्री मोबाइल पुन्हा उशाशी येतो.